आदेशातली राहून गेलेली ओळ

महिना संपायला सहा दिवस होते आणि आमच्या साहेबांना छातीत दुखलं म्हणून रातोरात साताऱ्याला नेलं. सकाळी अँजिओप्लास्टी. कोरेगावातल्या आमच्या छोट्या कार्यालयात आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-नोंदींचं टेबल माझ्याकडे आहे. अकरा जणांचं पगारबिल सेवार्थ या शासनाच्या संगणकीय पगारप्रणालीवर तयार, प्रिंटही काढलेली, सही तेवढी राहिली होती. दुपारी वहिनींच्या फोनवरून साहेबांचाच आवाज आला, "भाऊसाहेब, 'करिता' म्हणून तुम्हीच सही मारा."

'करिता' म्हणजे साहेबांच्या वतीनं केलेली सही. तिला मर्यादा असते. टिपणीवर साहेबांची मान्यता असेल तर कळवायचं पत्र, स्मरणपत्र तसं जातं. निर्णय त्यांचा, हात माझा. पैशाच्या कागदाला मात्र ती चालत नाही. बिलावर आहरण व संवितरण अधिकाऱ्याचीच, म्हणजे सरकारी पैसे काढून वाटायचा अधिकार ज्याला दिलाय त्याचीच, आमच्याकडे साहेबांचीच, सही लागते आणि कोषागारात ती नमुना सहीशी ताडून बघतात. ड्रॉवरमध्ये साहेबांचं डिजिटल सहीचं टोकनही पडलेलं, पासवर्ड सगळ्यांना पाठ. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला होता. पण ते लावलं असतं तर आयसीयूत झोपलेल्या माणसानं कोरेगावात सही केल्याची नोंद झाली असती. टोकन पाकिटात घालून सील केलं.

जिल्हा कार्यालयाला प्रस्ताव पाठवला. शेजारच्या तालुक्यातल्या मॅडमकडे अतिरिक्त कार्यभार आला. आदेश घेऊन उपकोषागारात गेलो, तर टेबलावरच्या ताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "यात नुसता 'दैनंदिन कामकाजाचा कार्यभार' लिहिलाय. आहरणाचे अधिकार कुठायत?"

मी तीनदा वाचलं. खरंच नव्हते. आणि प्रस्तावाचा मसुदा माझाच होता.

एसटीनं सातारा गाठलं. 'आहरण व संवितरणाच्या अधिकारांसह' एवढ्या शब्दांच्या शुद्धिपत्रकाला अख्खा दिवस गेला. मग वडूजला मॅडमकडे. नमुना सहीच्या कागदावर एकाखाली एक तीन सह्या केल्या त्यांनी. पहिल्या दोन सह्यांना लांब शेपूट, तिसरी घाईत बुटकी. "चालेल की," म्हणाल्या. मी दुसरा कागद पुढं केला. तोही साक्षांकनासाठी परत साताऱ्याला वरिष्ठांकडे न्यावा लागला.

दरवेळी वडूजच्या खेपा नकोत म्हणून मी सुचवून पाहिलं, किरकोळ बिलांचे अधिकार तरी कोरेगावातल्या कुणाला देता येतील का? मॅडम हसल्या. "मलाच दुसऱ्यानं दिलेत ते अधिकार. माझ्याकडून पुढं कसे देणार?"

पगार चार तारखेला जमा झाले. महिन्याभरानं साहेब रुजू झाले, तेव्हा पाकिटावरचं सील बघून काही बोलले नाहीत, फक्त पासवर्ड कसा बदलायचा ते विचारलं. मी कार्यभार हस्तांतरणाचा कोरा नमुना काढला आणि पुन्हा वडूजची एसटी धरली.