मागे काही न फेकता पळणारं यान

रविवारी कॉलेज रोडला मित्राच्या गच्चीवर आमचा अंतराळयुद्धाचा खेळ रंगतो. नियम मी लिहितो, आणि इंजिनावरून वाद ठरलेला. मागे काहीच न फेकता पुढे पळणारं इंजिन सगळ्यांना हवंय.

गंगापूर धरणात होडी वल्हवताना पाणी मागे रेटावं लागतं. अंतराळात रेटायला काही नसतं, म्हणून रॉकेट स्वतःचंच वस्तुमान मागे टाकतं. ते टाळलं की संवेग अक्षय्यतेचा नियम मोडतो, हे मित्रांना मान्य आहे. मला ऊर्जेचा हिशेब जास्त खुपतो. समजा, १ किलोवॉटवर कायम १ न्यूटन रेटा मिळतोय. थांबलेल्या यानाचा वेग सेकंदाला २ किलोमीटरच्या वर गेला, की त्याची गतिज ऊर्जा ओतलेल्या सगळ्या विजेपेक्षा जास्त भरते! आणि १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने १० दिवस पळालं, तर यानाच्या दर किलोत हिरोशिमाच्या बॉम्बच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा. मग तोफा हव्यात कशाला?

‘एमड्राइव्ह’चं, म्हणजे मागे काही न फेकता सूक्ष्मलहरींवर रेटा देतं असा दावा असलेल्या इंजिनाचं उदाहरण हमखास निघतं. २०१६ साली नासाच्या संशोधकांनी किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा नोंदवला होता. २०२१ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या चमूने तो उपकरण तापल्याने होणारा भास असल्याचं दाखवलं.

आता आमच्या खेळात टाकीत किती इंधन उरलं, ते प्रत्येक चालीला लिहावं लागतं.