उभ्या पाइपवरचा तिसरा दिवा

रंगमंचाच्या उजव्या विंगेतल्या उभ्या पाइपवर तिसरा दिवा चढला होता. सात किलोचा प्रोफाइल, म्हणजे रेखीव काठाचा झोत टाकणारा दिवा, जमिनीपासून सव्वादोन मीटरवर. फोकस करताना तो रंगमंचाच्या मध्याकडे वळवला, तर ब्रॅकेटबरोबर त्याला पाइपवर धरणारा अख्खा क्लॅम्पच पाइपभोवती फिरला. बोल्ट पान्याने आवळलेला होता, तरीही. शिडीवरून दिव्याला आधार दिला, खालची जागा मोकळी करून घेतली, दिव्याला वीज देणारा डिमर बंद करवला आणि हातमोज्यांनिशी दिवा दोघांनी मिळून उतरवला. मग बॅटरीच्या उजेडात पाइपवर चरा दिसला. काळा रंग खरवडून निघालेला, दोन बोटं लांब, सरळ खाली गेलेला. म्हणजे फिरायच्या आधीपासूनच दिवा घसरत होता.

व्यास मोजायला व्हर्नियर लावल्यावर कारण कळलं. बाकीचे पाइप दीड इंची होते, बाहेरून 48.3 मिमी. हा एकटा सव्वा इंची, बाहेरून 42.4. पाइपचा इंची आकडा हे नाव असतं. बाहेरचा व्यास त्याहून जास्त भरतो आणि क्लॅम्पचा संबंध फक्त बाहेरच्या व्यासाशी. क्लॅम्पवर 48–51 असं कोरलेलं होतं. सहा मिमीचा फरक विंगेतल्या अंधारात नजरेला कळत नाही. हा क्लॅम्प हुकासारखा, पाइपवर अडकवून समोरून बोल्टने आवळायचा. हुकाची कमान मोठी आणि पाइप बारीक, त्यामुळे हूक जेमतेम एका रेषेवर टेकतो, समोरून बोल्टचं टोक. बोल्ट घट्ट लागल्यासारखा हाताला वाटतो, पण पकड बसलेली नसते.

आडव्या बारवर अशी चूक बऱ्याचदा निभावून जाते. तिथे हूक बारवर टांगलेला असतो आणि दिव्याचं वजनच त्याला खाली दाबून बसवतं. उभ्या पाइपवर तेच वजन क्लॅम्पला पाइपवरून खाली ओढतं, आणि त्याला अडवायला घर्षणाशिवाय काही नसतं. त्यात दिवा एका अंगाला असतो. सात किलोचा दिवा पाइपपासून 15 सेंटिमीटरवर असेल तर क्लॅम्पला खाली कलवणारा जोर (वजन गुणिले अंतर) साधारण 10 न्यूटन-मीटरचा. आडवा दांडा लावून तोच अर्ध्या मीटरवर नेला की 34. म्हणून दांडा लागेल तेवढाच लांब घ्यायचा, आणि उभ्या पाइपवर हुकाऐवजी पाइपला चहूबाजूंनी कवळणारा कपलर वापरायचा, हे माझं ठाम मत आहे. ॲल्युमिनियमच्या पाइपवर तर हुकाच्या बोल्टचं टोक खड्डा पाडतं आणि पुढच्या वेळी क्लॅम्प त्याच खड्ड्यात अडकून तिरका बसतो.

यापेक्षाही गंभीर गोष्ट सेफ्टी वायरची, म्हणजे क्लॅम्प सुटला तर दिवा धरून ठेवणाऱ्या तारेची होती. वायर होती, कडीही नीट लागलेली होती. पण ती मोकळ्या पाइपभोवती नुसती गुंडाळलेली. क्लॅम्प सुटला असता तर दिवा आणि वायरचा फास दोन्ही एकत्र घसरत थेट खालच्या दिव्यावर आदळले असते. उभ्या पाइपवर फासाला खालून अडसर हवाच. दिव्याच्या क्लॅम्पच्या वर थोड्या अंतरावर एक रिकामा कपलर आवळायचा आणि वायर त्याच्या वरून घ्यायची. ढील कमीत कमी ठेवायची, कारण दिवा जितका खाली पडून थांबतो तितका झटका मोठा. मात्र दिवा वळवता येईल एवढी ती हवीच. बार्नडोअर (दिव्यासमोरच्या, झोत अडवणाऱ्या झडपा) आणि रंगीत फिल्टरच्या चौकटीला त्यांची वेगळी वायर.

मग दीड इंची पाइप आणून पहिल्यापासून उभारणी केली. तळाची जड प्लेट, तिच्यात पाइप, आणि एकही दिवा चढायच्या आत पाइपचं वरचं टोक गॅलरीच्या कठड्याला कपलरने पक्कं. हा क्रम उलटा करायचा नाही. नुसत्या प्लेटच्या भरवशावर वरचा दिवा लावला की पाइप कलंडतो. दिवे खालून वर चढवले: पहिला घोट्याच्या उंचीला, दुसरा कमरेच्या वर, तिसरा डोक्याच्या वर. वरचा दिवा दोरी आणि कप्पीने ओढला. एक जण दोरीवर, एक शिडीवर. दिवा चढत असताना त्याच्याखाली कोणी नाही. पाना मनगटाला बांधलेला. आधी कपलर, लगेच सेफ्टी वायर, आणि त्यानंतरच दोरी सोडायची. वीजजोडणी सर्वांत शेवटी. केबलला ब्रॅकेटजवळ हातभर ढील ठेवून ती पाइपला बांधली, नाहीतर फोकस करताना प्लग ओढला जातो. विंगेचा पडदा मागे घेऊन बांधला, कारण हॅलोजनच्या दिव्याचं अंग चांगलंच तापतं.

प्रत्येक कपलर आणि पाइप यांच्यावरून खडूची एक सलग रेघ ओढली. क्लॅम्प केसभर जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. तालमीत नर्तकांच्या उड्यांनी रंगमंचाच्या फळ्या दणाणत होत्या. तालीम संपल्यावर प्रत्येक रेघ तपासली, सगळ्या जुळलेल्या होत्या. सव्वा इंची पाइपच्या दोन्ही टोकांना पिवळी पट्टी लावून तो वेगळ्या कोपऱ्यात ठेवला.