आमची वाटचाल: पिशवी उघडायची नाही

कोथरूडला आम्ही मत्स्यालयाचं दुकान टाकलं तेव्हा सगळा माल कुर्ल्याच्या बाजारातून यायचा. दर आठवड्याला मी आणि बायको गाडी घेऊन जायचो. माशांच्या पिशव्या गच्च फुगवून घ्यायचो. जेवढा ऑक्सिजन जास्त तेवढं बरं, असं वाटायचं. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि पिशवी आणखी ताठते, हे खंडाळ्यात एकीचं रबर निसटून मागची सीट भिजली तेव्हा कळलं.

पण खरा धडा नागपूरचा. बदली झालेल्या एका कुटुंबाचे मासे आम्ही कारनं पोचवायला घेतले. वाटेत दर दोन-तीन तासांनी मी पिशव्या उघडून 'हवा' देत होतो. पोचेपर्यंत निम्मे मासे गेले. त्यांच्या मुलीचा चेहरा आजही आठवतो. पैसे परत केले, पण ते पुरेसं नव्हतं.

मग कारण शोधलं. बंद पिशवीत मासे अमोनिया सोडतात आणि कार्बन डायऑक्साइडही. कार्बन डायऑक्साइडनं पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे अमोनियाचं विष सौम्य राहतं. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि साचलेला अमोनिया जहाल होतो. मी दयेपोटी करत होतो तेच त्यांना मारत होतं.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. निघण्याआधी पूर्ण दिवस खाणं बंद, कारण रिकाम्या पोटी पाणी कमी घाण होतं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. दुहेरी पिशवी, मधे वर्तमानपत्र, कारण कोरीडोरास जातीच्या माशांचे काटे प्लास्टिक भोसकतात. तळाचे कोपरे रबरानं बांधायचे, नाहीतर लहान मासे तिथे चेपतात. फायटर मासा एकेकटा, आणि त्याला साधी हवा पुरते. सगळं थर्माकोलच्या खोक्यात; अंधारात मासे शांत राहतात. उन्हाळ्यात निघायचं ते रात्रीच, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पोचल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवायची, मग उघडून लगेच जाळीनं मासे सोडायचे. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

परवा पहाटे तीनला जालन्याजवळून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "एक मासा हलत नाहीये, जरा उघडून बघू का?"

"नका काका," मी म्हटलं, "झाकण लावा आणि चालत राहा."

सकाळी त्यांच्या टाकीचा फोटो आला. तो मासा दगडाआडून डोकावत होता.