गोळ्यांच्या कुकीज: पाचवा घाणा फसला, सहावा जमला (जवळजवळ)

मागच्या नोंदीत चौथ्या घाण्यापाशी थांबले होते. त्यानंतरचे दोन रविवार कामी आले. आधी फसलेल्या घाण्याबद्दल लिहिते, कारण शिकण्यासारखं त्यातच जास्त होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आईच्या जुन्या वहीत ‘रंगीत गोळ्यांची बिस्किटं’ या नावाखाली आठ ओळी आहेत. गोळ्या म्हणजे बाहेर साखरेचं कडक कवच, आत चॉकलेट, स्मार्टीज किंवा एम अँड एम्सच्या जातीच्या. स्मार्टीज १९३७ सालच्या आणि एम अँड एम्स १९४१ सालच्या, तेव्हा कुकीजचा हा प्रकारही चांगलाच पिकलेला आहे. वहीत तापमान ‘मध्यम’, वेळ ‘कडा सोनेरी होईस्तोवर’, आणि शेवटची ओळ दोनदा अधोरेखित: ‘गोळ्या पिठात कालवू नयेत. वरून बसवाव्यात.’ ही ओळ मी चार घाणे वाचून सोडून दिली होती. कालवल्या तर प्रत्येक घासात गोळी येईल, असा माझा साधा हिशेब.

पाचव्या घाण्यात मी शहाणपणा करून गोळ्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या. गार गोळीतलं चॉकलेट उशिरा वितळेल, मग कवच फुटणार नाही, असं डोक्यात होतं. सकाळी लेकीने वाडगा ओट्यावर काढला आणि पाचेक मिनिटांत गोळ्यांना घाम फुटला. हवेतली वाफ गार कवचावर जमते, आणि कवच म्हणजे शेवटी साखर आणि पाण्यात विरघळणारा रंग. मी लाकडी चमच्याने एक फेरा मारला तर पिठात हिरवी रेघ उमटली. दुसऱ्या फेऱ्यात निळी. पाचव्या-सहाव्या फेऱ्यापर्यंत सगळं पीठ चित्रकलेच्या तासानंतरच्या पाण्याच्या रंगाचं झालं. लेकीच्या हाताचे तळवे दोन दिवस जांभळे होते आणि शाळेत तिने ते मोठ्या अभिमानाने दाखवले.

भाजलं तरीही. चवीला काही वाईट नव्हत्या, पण दिसायला राखाडी, आणि गोळ्या निम्म्याहून अधिक तडकलेल्या. आई एवढंच म्हणाली, “वहीत लिहिलंय ना गं.”

तडकण्याचं कारण तसं सोपं आहे. चॉकलेट शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळतं आणि वितळताना थोडं फुगतं. कवच ठिसूळ, ते ताणत नाही, मग फुटतं. गोळी गार करून फार तर एखाद-दोन मिनिटं हाती लागतात. खरा उपाय म्हणजे गोळी ओव्हनमध्ये कमी वेळ ठेवणं. वरून बसवायला सांगणाऱ्या वहीला हे ठाऊक होतं की नुसतंच ‘दिसायला छान’ म्हणून लिहिलं होतं, ते आईला आता आठवत नाही.

मग सहाव्या घाण्यात एकाच पिठाचे तीन गट केले, ट्रेही एकच. प्रत्येक गटात सहा कुकीज, प्रत्येकीवर तीन गोळ्या. पहिल्या गटावर भाजण्याआधीच गोळ्या दाबल्या. दुसऱ्यासाठी आठव्या मिनिटाला ट्रे बाहेर ओढून गोळ्या बसवल्या आणि आणखी तीन मिनिटं भाजलं. तिसऱ्यावर भाजून झाल्या झाल्या. नवरा घड्याळ घेऊन उभा, लेक बोटांनी गोळ्या ठेवणार आणि आई चमच्याच्या पाठीने दाबणार, कारण ट्रे गरम. आठव्या मिनिटाला सहा कुकीजवर अठरा गोळ्या बसवायला आम्हाला चाळीस सेकंद लागले. तेवढ्यात आई आणि लेकीचं एकदा भांडणही झालं: एका कुकीवर दोन लाल चालतील की नाही.

निकाल: पहिल्या गटात अठरापैकी सात तडकल्या. दुसऱ्यात एकच. तिसऱ्यात एकही नाही, पण गार झाल्यावर कुकी उचलली की गोळ्या ताटलीत टपटप पडायच्या. बाहेर काढल्यावर वरचा पापुद्रा लगेच आवळू लागतो, गोळीला धरून ठेवायला ओलं पीठ उरतच नाही. म्हणजे दुसरा गट जिंकला. आठव्या मिनिटाला कडा धरलेल्या असतात आणि मधला भाग अजून लिबलिबीत असतो, गोळी अर्धी आत रुतते आणि शेवटच्या तीन मिनिटांत पक्की बसते. गोळीच्या बुडाशी रंगाची बारीकशी कड अजून सुटते. ती बहुतेक सुटतच राहणार, कारण ओल्या पिठाला साखर टेकली की विरघळणारच.

पिठात कालवायच्याच असतील तर मूठभर घाला, अगदी शेवटी, आणि हाताने दोन घड्या घालून थांबा. मिक्सर लावू नका. मी एकदा लावला आहे, त्याचे फोटो दाखवणार नाही.

माप आता स्थिर झालंय, निम्म्या पाककृतीचं: लोणी ११५ ग्रॅम (मऊ, पण वितळलेलं नाही), ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, पांढरी साखर ५० ग्रॅम, एक अंडं, एक चमचा व्हॅनिला, मैदा १४० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चमचा, मीठ पाव चमचा, गोळ्या साधारण १०० ग्रॅम. ३० ग्रॅमचे गोळे केले तर सोळा ते अठरा होतात. लोणी-साखर फेसताना रंग फिका होईपर्यंत थांबायचं, मग अंडं, मग कोरडं साहित्य, आणि मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा.

मैद्यावर थोडं लिहायलाच हवं. वहीत मैद्याचं माप कपात आहे, आणि तो कप कोणता यावर घरात तीन मतं. आईने डब्यात कप खुपसून भरला, मी चमच्याने घालून वरून सुरीने सपाट केला. वजन केलं तर तिचा कप १५५ ग्रॅम आणि माझा १२४. पहिल्या दोन घाण्यांत कुकीज पसरल्याच नव्हत्या, उकडलेल्या बटाट्यासारख्या गोल राहिल्या होत्या, त्याचा उलगडा इथे झाला. काटा घ्या. या छंदात दुसरं काही विकत घेतलं नाही तरी चालेल.

बरं, दुसरी एक वस्तू घ्याच: ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर. आमची कळ १७५ वर असताना आत १९३ निघाले. तिसऱ्या घाण्याच्या काळ्या बुडांसाठी मी उगाच ट्रेला दोष देत होते. आता कळ १६० वर ठेवते आणि आत १७५ मिळतात.

गोळे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्याचा फरक दिसला. पीठ गार असल्यामुळे लोणी उशिरा वितळतं, कुकी कमी पसरते, आणि मैद्याने ओलावा नीट शोषलेला असतो. चवही जरा खरपूस लागते. पण घरात लहान मूल असेल तर ‘उद्या भाजू’ हे वाक्य उच्चारण्याआधी तयारी करा. आम्ही चार गोळे त्याच दिवशी भाजून देतो, तह होतो.

कुकीज ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्यायच्या. बाहेर काढताना मधोमध कच्च्या वाटतात, त्या ट्रेच्या उष्णतेवर होतात. पूर्ण शिजल्यासारख्या दिसेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी दात लागत नाहीत.

पुढचा घाणा आईच्या फर्माइशीचा: साखरेत घोळवलेल्या जेलीच्या गोळ्या, कात्रीने चार तुकडे करून. कात्रीच्या पात्यांना मैदा लावला की चिकटत नाहीत, एवढं करून पाहिलंय. काल संध्याकाळी दोन पाकिटांतली एकेक गोळी बटर पेपरवर ठेवून १७५ अंशांवर दहा मिनिटं भाजली. पाकीट वाचूनच घेतलं होतं: एकात जिलेटिन, दुसऱ्यात स्टार्च. जिलेटिनवाली सहाव्या मिनिटाला पाणी होऊन कागदावर पसरली, गार झाल्यावर चामड्यासारखी सोलून निघाली. स्टार्चवालीचे फक्त कोपरे थोडे गोलसर झाले. तेव्हा स्टार्चवाल्या. लेकीने चामडं खाऊन टाकलं.