परसातील उपद्रवासाठी परवडणारी बुलपप एअर रायफल निवडताना

परसातील उंदीर-घुशींच्या बंदोबस्तासाठी एअर रायफल घ्यायची असेल, तर तिची ताकद किती हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे ठाम मत आहे. त्याआधी आपल्याच परसात उभे राहून तीन गोष्टी मोजून घ्याव्यात: सर्वांत जवळून किती अंतरावर नेम धरावा लागेल, सर्वांत लांब किती, आणि नेम चुकल्यास छर्रा कशात जाऊन रुतेल. या तीन उत्तरांवरच पुढची सारी निवड अवलंबून असते. मागे मातीचा उतार किंवा जाड लाकडी फळी नसेल, तर तिथे रायफल चालवूच नये. दगडी भिंत किंवा फरशीवरून छर्रा उलट फिरतो आणि तो कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही.

कायदाही आधीच पाहावा. परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या एअर रायफलमधून सुटणाऱ्या छर्ऱ्याच्या ऊर्जेची मर्यादा इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १६ ज्यूल, जर्मनीत ७.५ ज्यूल, तर भारतात २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) अशी आहे. वस्तीत रायफल चालवणे आणि कोणता प्राणी मारणे याबाबतचे नियम त्याहून वेगळे असतात आणि बहुतेक पक्ष्यांना संरक्षण असते.

बुलपप रचनेत छर्रा भरण्याची आणि हवा सोडण्याची यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यातच बसवलेली असते, त्यामुळे नळीची लांबी तितकीच राहूनही रायफल वीस-पंचवीस सेंटीमीटरने आखूड होते. शेडच्या दारातून, खिडकीच्या आतून किंवा कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या अरुंद जागेतून नेम धरायचा असेल, तर हा फरक फार उपयोगी पडतो. वजन मात्र त्या मानाने कमी होत नाही. ते खांद्याजवळ येते. त्यामुळे टेकू न घेता काही वेळ नेम धरून थांबणे सोपे जाते, आणि उंदराची वाट पाहताना थांबणे हेच मुख्य काम असते.

या रचनेची खरी अडचण दुर्बिणीच्या उंचीत आहे आणि खरेदीच्या वेळी तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गाल सरळ यंत्रणेवर टेकत असल्याने आणि छर्ऱ्यांची मॅगझिन (अनेक छर्रे एकदम भरण्याची चकती) वर डोकावत असल्याने बुलपपवर दुर्बीण नळीपासून बरीच उंच बसवावी लागते. समजा, ती नळीच्या मध्यापासून साडेसहा सेंटीमीटर वर आहे, छर्रा सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघतो आणि दुर्बीण २५ मीटरवर जुळवलेली आहे, म्हणजे त्या अंतरावर छर्रा बरोबर नेमावर लागतो. अशा वेळी १० मीटरवर छर्रा नेमाच्या सुमारे अडीच सेंटीमीटर खाली लागतो आणि ५ मीटरवर चार सेंटीमीटरांहून अधिक खाली. चार सेंटीमीटर उंचीवर दुर्बीण असलेल्या नेहमीच्या रायफलीत १० मीटरवरचा हाच फरक जेमतेम एक सेंटीमीटर असतो. उंदराला तत्काळ मारायचे तर छर्रा मेंदूत लागायला हवा आणि ते लक्ष्य दोन सेंटीमीटरांचे असते. म्हणजे जवळचा, सोपा वाटणारा नेमच इथे चुकतो आणि प्राणी जखमी होऊन बिळात तडफडत राहतो. म्हणून परसातले बहुतेक नेम १२ ते १५ मीटरवरचे असतील, तर दुर्बीण त्याच अंतरावर जुळवावी, आणि प्रत्येक दोन-तीन मीटरच्या अंतराने कागदावर छर्रे झाडून कुठे किती वर किंवा खाली धरायचे याची नोंद दस्त्यावर चिकटवून ठेवावी. दुर्बीण निवडतानाही १० मीटरवर स्पष्ट दिसेल अशी, फोकस बदलता येणारी घ्यावी. बंदुकीसाठी बनवलेल्या बहुतेक दुर्बिणी ९०-१०० मीटरसाठी जुळवलेल्या असतात आणि इतक्या जवळचे चित्र धूसर दाखवतात.

दुसरी तपासणी चापाची. बुलपपमध्ये चाप पुढे आणि त्याने सुटणारी यंत्रणा मागे असल्याने दोहोंना जोडणारी लांब दांडी लागते. स्वस्त रायफलीत ती दांडी किंचित वाकते, आणि चाप कधी सुटेल हे बोटाला नीट कळत नाही. दुकानातच रायफल रिकामी असल्याची खात्री करून, विक्रेत्याच्या परवानगीने चाप ओढून पाहावा. डावखुऱ्या व्यक्तीने कॉकिंगची दांडी (प्रत्येक छर्ऱ्याआधी यंत्रणा सज्ज करायला ओढायची ती) आणि मॅगझिन आपल्या गालाच्या आड येत नाही ना, हेही तिथेच पाहावे.

ताकदीविषयी आता बोलता येईल. ०.५५ ग्रॅमचा ४.५ मिलिमीटर छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला, तर सुमारे १६ ज्यूल ऊर्जा मिळते. एक ग्रॅमचा ५.५ मिलिमीटर छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने सुटला, तरी तेवढीच. पहिल्याचा मार्ग अधिक सरळ असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालते. दुसरा प्राण्याच्या शरीरात अधिक ऊर्जा सोडतो आणि कमी वेळा आरपार जातो. कायद्याने मोकळीक असेल तर परसासाठी मी ५.५ची बाजू घेईन. ६.३५ मिलिमीटरची गरज तिथे पडत नाही, आणि बेंजामिन बुलडॉगसारखी ९ मिलिमीटर बोअरची बुलपप मोठ्या शिकारीसाठी बनवलेली आहे. तिला परसात जागा नाही.

परवडणारी या शब्दाचा हिशेब रायफलीच्या किमतीवर संपत नाही. या वर्गातील जवळजवळ सर्व बुलपप आधी भरून ठेवलेल्या दाबयुक्त हवेवर चालतात आणि ती हवा सुमारे २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबापर्यंत भरावी लागते. त्यासाठी हातपंप, हवेची टाकी किंवा कंप्रेसर यांपैकी काहीतरी घ्यावेच लागते, शिवाय दुर्बीण, ती रायफलीवर बसवणारे माउंट आणि चांगले छर्रे आहेतच. हातपंपाने भरायचे असेल, तर मोठ्या सिलिंडरच्या मोहात पडू नये, कारण प्रत्येक वेळी तो भरायला शरीरश्रम लागतात आणि परसात एका संध्याकाळी मोजकेच छर्रे सुटतात. लहान सिलिंडर आणि आत रेग्युलेटर ही जोडी मला अधिक शहाणपणाची वाटते. रेग्युलेटरमुळे दाब उतरत गेला तरी छर्ऱ्याचा वेग बराच काळ सारखा राहतो. भरण्याच्या जोडणीला पेट्रोलियम तेल कधीही लावू नये, कारण उच्च दाबाखाली ते पेट घेऊ शकते; तिथे सिलिकॉन ग्रीसच चालते.

तुर्कस्तानातील हात्सानची बुलबॉस आणि क्रालची पंचर ब्रेकर, तसेच चीनमध्ये बनणारी आर्टेमिस पी ३५ ही या वर्गातली परिचित नावे आहेत. यांपैकी कोणती घ्यावी हे नावावरून ठरवण्यापेक्षा, जवळपास ज्या रायफलीची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), मॅगझिन आणि दुरुस्ती मिळते ती घ्यावी. दाबयुक्त हवेच्या रायफलीत कधीतरी गळती होतेच, आणि साधी रबरी कडी मिळाली नाही तर चांगली रायफलही पडून राहते.

आवाजाकडे शेजाऱ्यांच्या कानाने पाहावे. नळीवर आवाज दाबणारे आवरण असलेली रायफल घ्यावी. वेगळा सायलेन्सर लावायला काही देशांत बंदी आहे.

घेतल्यानंतरचे पहिले काम म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे, गोल टोकाचे तीन-चार प्रकारचे छर्रे आणून टेकूवरून प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे २० मीटरवर झाडणे. एकाच कंपनीच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. ज्या छर्ऱ्याची पाचही भोके दोन सेंटीमीटरांच्या आत येतात, तोच ठेवावा, आणि ती जवळीक ज्या अंतरापर्यंत टिकते त्यापलीकडच्या प्राण्यावर रायफल चालवू नये. मारलेला उंदीर खोल पुरावा, कारण शरीरात राहिलेले शिसे तो खाणाऱ्या घुबडाच्या किंवा घारीच्या पोटात जाते.