प्लाय की ओएसबी? तुम्ही विचारलंत म्हणून

माझं काम बहुतेक दुकानांच्या माळ्यांचं. लोखंडी फ्रेम मारायची, वर शीट कसायची, त्यावर व्हिनाइलचं फ्लोअरिंग. नागपूरच्या लकडगंजात, म्हणजे लाकूडबाजारात, शीट घ्यायला गेलो की सोबतची पार्टी हमखास विचारते, भाऊ, प्लाय टाकू की ओएसबी, अमेरिकेत तर घरंच्या घरं ओएसबीवर उभी असतात म्हणे?

असतात ना. तिकडे फ्लोअरला दोन्ही चालतात, ताकदीतही फार फरक धरत नाहीत. ओएसबी म्हणजे ओरिएंटेड स्ट्रँड बोर्ड, लाकडाच्या लांबट चिपा उभ्या-आडव्या थरांत रचून, रेझिन अन् मेण घालून दाबलेली शीट, भुसा-चुरा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड नव्हे, इथे लोक दोन्ही एकच समजून राहिले.

मी उलट विचारतो, कूलर कुठे ठेवणार? हसतात लोक. पण एका कापडाच्या दुकानात मीच ओएसबी टाकलं होतं, स्वस्त पडत होतं म्हणून, अन् एप्रिलमध्ये मालकाने कूलर चढवला माळ्यावर, टाकी भरताना रोज थोडं पाणी सांडायचं, जूनपर्यंत जॉइंटवर कडा अशा फुगल्या की व्हिनाइलवर सरळ रेघ उठली. ओएसबी पाणी हळू पितं पण सोडतंही हळूच, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. त्यात कारखान्यातून सील होऊन आलेली कड मी मापाला कापली आणि तशीच उघडी सोडली, ती चूक माझीच. प्लाय लवकर भिजतं, लवकर वाळतं, फुगलं तरी सगळीकडे सारखं, आणि बरंचसं जागेवर येतं.

म्हणून आपल्याकडे मी प्लायच सांगतो, पण आयएस 710 वालं, म्हणजे पाणी सोसणारं मरीन प्लाय, 18 एमएम. स्वस्तातलं एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारं प्लाय, ज्याला सगळे कमर्शियल म्हणतात, ते कूलरखाली टाकणार असाल तर त्यापेक्षा ओएसबी बरं! कोरडी जागा असेल, नुसते खोके ठेवायचे असतील, तर ओएसबीला माझी ना नाही, कापलेल्या कडेला तेवढा रंग मारा.

आणि काहीही घ्या, खालचे सपोर्ट 16 इंचावर घ्या, म्हणजे 8 फुटी शीट बरोबर सपोर्टवर येऊन संपते, लांबी सपोर्टला आडवी टाकायची, उभी नाही. दोन शीटमध्ये 3 एमएम गॅप, पावसाळ्यात फुगायला जागा लागते. गॅप सारखी यावी म्हणून मी मधे खिळा धरतो. मिस्त्री दरवेळी कुरकुरतो, गॅप दिसेल म्हणून. अरे दिसू दे, वरून फिलर भरणारच आहे ना बाप्पा.