तुम्ही विचारलंत म्हणून: सदस्याने टाकलं, तर अडकणार कोण?

‘साइट माझी आहे, पण गाणं, फोटो किंवा आख्खं पुस्तक टाकलं ते सदस्याने. मग नोटीस मला का?’ साइट चालवणारे हे हमखास विचारतात. बहुतेकांनी पानाच्या तळाशी ‘सदस्यांच्या मजकुराला आम्ही जबाबदार नाही’ अशी ओळही टाकलेली असते. तिच्यावर विसंबू नका. ती तुमच्यात आणि सदस्यात चालेल. ज्याचा कॉपीराइट आहे त्याने तुमच्याशी कसलाच करार केलेला नाही, त्याला ती बांधत नाही.

नोटीस तुम्हाला येते, कारण मजकूर काढणं तुमच्या हातात असतं. पण नोटीस आली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. न्यायालय मुख्यतः दोन गोष्टी बघतं: तुम्हाला ठाऊक होतं का, आणि ठाऊक झाल्यावर तुम्ही काय केलंत. भारतात कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 51 (उल्लंघन कशाला म्हणायचं) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 (दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या साइटला मिळणारं संरक्षण) एकत्र वाचावं लागतं. ‘मायस्पेस’ या सोशल साइटच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर 2016 मध्ये ते तसं वाचलं. संगीत कंपनीने आपल्या गाण्यांची लांबलचक यादी पाठवली होती. तेवढ्याने ‘माहिती होती’ असं ठरत नाही, कुठल्या पानावर काय आहे ते नेमकं सांगायला हवं, असं खंडपीठ म्हणालं. मात्र नेमकी लिंक हातात पडली की मजकूर 36 तासांत हटवायचा.

यावरून ‘नोटीस येईपर्यंत डोळे मिटून बसावं’ असा सोयीचा अर्थ काढला जातो, आणि घोळ तिथेच होतो. माहिती फक्त नोटिशीतूनच होते असं नाही. नवा सिनेमा प्रदर्शनाच्या दिवशीच पूर्णच्या पूर्ण साइटवर आला, देखरेख करणाऱ्याने तो पाहिला आणि सोडून दिला, तर ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हे कोण मानेल? अमेरिकेत वायाकॉम (सिनेमे-मालिका काढणारी कंपनी) विरुद्ध यूट्यूब प्रकरणात 2012 साली अपील न्यायालयाने कर्मचाऱ्यांचे आपसातले ईमेल बघूनच हा मुद्दा पुन्हा तपासायला खाली पाठवला होता. प्रत्येक फाइल आधी तपासा, अशी सक्ती तिथला कायदा करत नाही. दिसलेलं न पाहिल्यासारखं करायची मुभाही देत नाही.

दुसरी जोखीम आहे मजकुराला लागलेल्या तुमच्या हाताची. सॉफ्टवेअरने फाइलचा फॉरमॅट आपोआप बदलला किंवा जाहिरात जोडली, तर मायस्पेस निकालानुसार तेवढ्याने संरक्षण जात नाही. पण तुमच्या माणसाने फोटो निवडून पहिल्या पानावर लावला, त्याला मथळा दिला, की तो निव्वळ सदस्याचा मजकूर उरतो का, हा प्रश्न उभा राहतो. लाइव्हजर्नल या अमेरिकेतल्या ब्लॉग-साइटच्या खटल्यात 2017 मध्ये नेमका हाच वाद होता: पोस्ट निवडणारे स्वयंसेवक कंपनीचे प्रतिनिधी ठरतात का? आणि ‘अ‍ॅडमिन’च्या खात्यातून तुम्ही स्वतः चिकटवलेल्या फोटोला यातलं कुठलंच संरक्षण नाही.

साइट अमेरिकेतून चालत असेल किंवा तिथल्या लोकांसाठी असेल, तर 1998 च्या डीएमसीए या तिथल्या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्यातलं कलम 512 पाहा, साइटला संरक्षण देणारं कलम तेच. त्यासाठी तक्रारी घेणारा प्रतिनिधी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन नोंदवावा लागतो. शुल्क 6 डॉलर, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. लोक साइटवर ईमेल देतात आणि नोंदणी विसरतात, किंवा नोंदणी करतात आणि साइटवर काहीच देत नाहीत, दोन्ही हवं. कंपनीच्या नावासोबत साइटचं नाव आणि डोमेनही त्या नोंदणीत घाला. नोंदणीआधीच्या उल्लंघनाला ती मागाहून लागू होत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात ठरावीक नुकसानभरपाई एका कलाकृतीमागे साधारणपणे 750 ते 30,000 डॉलर आणि जाणूनबुजून केल्यास 1,50,000 पर्यंत जाते. सहा डॉलर वाचवण्यात शहाणपण नाही.

तक्रार आली की आधी ती पुरी आहे का बघा: कुठली कलाकृती, कुठली लिंक, तक्रारदाराचा संपर्क, सही, आणि तो मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस असल्याचं निवेदन. काही बारीकसारीक राहिलं असेल तर कचऱ्यात टाकू नका, उलट लिहून मागवा. काढताना सगळ्यात जास्त चुकतं ते असं: पोस्ट उडवली जाते, पण फाइल अपलोड फोल्डरमध्ये तशीच राहते आणि थेट लिंकने उघडते. लघुचित्रं आणि सीडीएनवरच्या (साइट लवकर उघडावी म्हणून प्रती ठेवणाऱ्या इतर सर्व्हरवरच्या) प्रतीही काढा. लिंक, सदस्याचं खातं आणि वेळ यांची नोंद मात्र ठेवा.

सदस्याला लगेच कळवा, कारण तक्रार खोटीही असू शकते. डीएमसीएखाली त्याने रीतसर प्रतिनोटीस दिली, तर ती तक्रारदाराला पाठवायची. त्याने दावा लावल्याचं कळवलं नाही, तर 10 ते 14 कामकाजी दिवसांत मजकूर परत ठेवायचा. भारतात क्षणिक किंवा आनुषंगिक साठवणुकीबाबत (मजकूर पोचवताना ओघात होणाऱ्या तात्पुरत्या प्रतींबाबत) कॉपीराइट नियमांमधला नियम 75 आहे. तिथे 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा दाखवता येतो.

वारंवार असं करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरणही डीएमसीएला हवं असतं. ‘तीन वेळा, मग बाहेर’ हा आकडा कायद्यात कुठेही नाही, तो साइटवाल्यांनी पाडलेला पायंडा आहे. आकडा तुम्ही ठरवा, पण तो पाळा. नियम लिहून ठेवलाय आणि आजवर एकही खातं बंद झालेलं नाही, अशा साइटच्या मालकाला न्यायालयात पहिला प्रश्न त्यावरच विचारला जातो.